सांगोल्याचे आबासाहेब: भाई गणपतराव देशमुख यांच्या आमदारकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की गप्पा त्यांच्या एसटीच्या प्रवासापासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा एसटीपाशीच संपतात. साधा माणूस, साधी राहणी, हल्ली असे राहिले नाहीत, असं म्हणून विषय मिटतो. साधेपणा खरा होता. पण साधी माणसं प्रत्येक तालुक्यात असतात आणि त्यांतली बहुतेक अनामत रक्कमही वाचवू शकत नाहीत. एकाच तालुक्याने एका माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, तेही बहुतेक काळ सत्तेबाहेरच्या, आकसत चाललेल्या पक्षाच्या तिकिटावर. त्यामागे काम होतं, आणि त्या कामाबद्दल फार कमी बोललं जातं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, नवे कार्यकर्ते आणि राजकारणात रस असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

गणपतराव देशमुख कोण होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाचे आमदार आणि शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, नेते. तालुक्यात त्यांना आबा किंवा आबासाहेब म्हणत. पक्षात एकमेकांना ‘भाई’ म्हणायची पद्धत असल्यामुळे राज्यभर ते भाई गणपतराव देशमुख म्हणून ओळखले गेले. १९६२ साली ते पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि २०१९ साली आमदार म्हणूनच निवृत्त झाले.

त्यांचा जन्म आणि शिक्षण कुठलं? राजकारणाआधी ते काय करत होते?

जन्म १० ऑगस्ट १९२६. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. कायद्याचं शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली. तालुक्याच्या कोर्टात येणारा माणूस बांधाचं भांडण, कुळाचा हक्क, सावकाराचा कागद असलंच काहीतरी घेऊन येतो. त्यामुळे सातबारा, फेरफार, सरकारी ठराव आणि नियम यांची भाषा त्यांना आमदार होण्याआधीच पाठ होती. पुढे विधानसभेत त्यांच्या बोलण्यात आकडा आणि कलम यांना जे वजन असायचं, त्याची पूर्वतयारी इथे झाली असं मला वाटतं.

अकरा वेळा म्हणजे नेमक्या कोणत्या निवडणुका?

१९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मधे १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुकांत ते हरले. प्रत्येक वेळी मतदारसंघ सांगोला आणि पक्ष शेकाप.

मग ते ‘पंचावन्न वर्षं आमदार’ होते हे बरोबर आहे का?

हा आकडा भाषणांत ऐकू येतो, पण बेरीज तिथवर जात नाही. पहिली निवडणूक आणि निवृत्ती यांत ५७ वर्षांचं अंतर आहे. त्यातून १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ हा पराभवाचा काळ वजा करावा लागतो. तरीही उरलेला काळ पन्नाशी ओलांडतो, आणि तो पुरेसा थक्क करणारा आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते पहिल्यांदा सभागृहात बसले आणि देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना शेवटचे.

हा देशातला विक्रम आहे का?

महाराष्ट्रापुरता निर्विवाद. देशाबद्दल बोलताना जपून बोलावं. तमिळनाडूत एम. करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, मात्र वेगवेगळ्या मतदारसंघांतून. तेव्हा ‘एकाच मतदारसंघातून अकरा वेळा’ हा देशातला विक्रम, असं सर्रास लिहिलं गेलं. पण केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले आणि ओमन चांडी पुथुपल्लीतून बारा वेळा.

या तुलनेत एक फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. मणी आणि चांडी राज्यातल्या दोन मोठ्या आघाड्यांच्या राजकारणात होते आणि सत्ता त्यांच्याकडे वरचेवर यायची. गणपतरावांच्या पक्षाकडे राज्याची सत्ता स्वतःच्या बळावर कधीच आली नाही. त्यांच्या अकरा विजयांची तुलना करायचीच तर ती याच मुद्द्यावर करावी.

शेतकरी कामगार पक्ष नेमका कुठून आला?

स्वातंत्र्याच्या तोंडावर काँग्रेसमधल्या बहुजन समाजाच्या नेत्यांमध्ये मोठी अस्वस्थता होती. सत्ता शेठजी-भटजींच्या हाती जाणार आणि शेतकरी बाहेरच राहणार, ही भीती. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९४७ मध्ये आधी काँग्रेसअंतर्गत गट उभा राहिला आणि १९४८ साली तो वेगळा पक्ष झाला. १९५० मध्ये मालेगाव तालुक्यातल्या दाभाडी इथे पक्षाने मार्क्सवादी दिशा स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला, तोच दाभाडी प्रबंध. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकाप आघाडीवर होता.

जेधे आणि मोरे दोघेही नंतर काँग्रेसमध्ये परतले. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात असे कितीतरी लोक गेले. गणपतराव विधानसभेत पोचले तेव्हा पक्षाची गळती सुरू झालेली होती, हे त्यांचा प्रवास समजून घेताना विसरू नये. चढत्या पक्षाचं तिकीट घेऊन ते आले नव्हते.

पक्षाची ताकद किती होती?

१९६२ साली २६४ जागांच्या विधानसभेत काँग्रेसने २१५ जागा घेतल्या, शेकापला १५ मिळाल्या. १९६७ मध्ये १९. आणीबाणीनंतरच्या १९७८ च्या निवडणुकीत १३. १९९९ मध्ये ५. २००४ मध्ये २. २०१४ मध्ये ३. रायगड जिल्ह्याचा काही भाग आणि सांगोला सोडला तर बाकी ठिकाणचा पक्षाचा लाल बावटा (झेंडा) हळूहळू उतरत गेला.

त्यांनी पक्ष का सोडला नाही?

त्यांच्या मनातलं कारण मी सांगू शकत नाही, पण परिस्थिती सांगता येते. काँग्रेसमध्ये जाण्याच्या वाटा पश्चिम महाराष्ट्रात कायम उघड्या होत्या, आणि त्यांच्याइतका हुकमी मतदारसंघ असलेल्या माणसाला तिथे चांगली जागा मिळाली असती. पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली आला. त्याआधीची तेवीस वर्षं पक्ष बदलायला कायद्याची आडकाठीही नव्हती.

मतदारांच्या बाजूनेही पाहायला हवं. सांगोल्यात शेकाप ही निवडणुकीपुरती पाटी नव्हती. गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या लाल बावट्याची घरं होती. निवडणुकीला लोक वर्गणी काढत, प्रचाराला स्वतःची भाकरी बांधून निघत. नेत्याने पक्ष बदलला असता तर या घरांनी काय करायचं? कार्यकर्त्याची निष्ठा आपण नेहमी मोजतो. नेत्याची कार्यकर्त्यांवर असलेली निष्ठा क्वचित मोजली जाते, आणि गणपतरावांच्या बाबतीत मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

सत्तेत नसलेला आमदार तालुक्याची कामं करून कशी घेतो?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘आमदार सत्तेचा हवा, नाहीतर निधी येत नाही’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. गणपतरावांची कारकीर्द म्हणजे या वाक्याचं सविस्तर उत्तर आहे.

आमदाराच्या हातात संसदीय आयुधं असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना मांडता येते, नियम २९३ खाली एखाद्या विषयावर चर्चा घडवून आणता येते. अर्थसंकल्पाच्या वेळी खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते, म्हणजे ‘या खात्याने अमुक काम केलेलं नाही म्हणून याच्या मागणीत कपात करा’ असं म्हणून ते काम चव्हाट्यावर आणता येतं. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत विरत नाही. त्याची नोंद होते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते.

हे सगळं प्रत्येक आमदाराला उपलब्ध असतं. वापरायला मात्र अभ्यास लागतो. कालव्याचं काम कोणत्या किलोमीटरवर थांबलंय, भूसंपादनाचा निवाडा झालाय का, मागच्या अधिवेशनात मंत्र्याने कोणती तारीख दिली होती, हे माहीत नसेल तर उपप्रश्न विचारताच येत नाही. मंत्री चार वाक्यं बोलून बसतो आणि प्रश्न संपतो. गणपतरावांची ख्याती होती ती इथे. ते बोलायला उठले की सत्ताधारी बाकंही ऐकत. त्यांचा आवाज चढा नसे आणि भाषा वैयक्तिक होत नसे. हातात कागद असे.

दुसरी गोष्ट सातत्याची. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, कार्यकारी अभियंते तर तीन वर्षांत हलतात. एखाद्या योजनेचा सगळा इतिहास ज्याच्या डोक्यात आहे असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे टिकून राहिलेला आमदार. पंधरा वर्षांपूर्वी याच विषयावर याच सभागृहात काय ठरलं होतं, हे तो सांगू शकतो. नव्या मंत्र्याला ते खोडता येत नाही.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम कोणतं?

पाणी. एकाच शब्दात उत्तर द्यायचं तर हेच, पण विषय एका शब्दात संपणारा नाही.

सांगोला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. माण नदी तालुक्यातून वाहते, पण वर्षातला बराचसा काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. नीरा उजवा कालवा तालुक्यात पोचतो खरा, पण तो फलटण, माळशिरस असं करत येतो आणि सांगोल्याच्या वाट्याला टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, भाग येतो. टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं महाराष्ट्रात सगळीकडे एकच आहे. वरची गावं आधी भिजतात, कालव्यात मधेच पाणी उचललं जातं, आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, संपत आलं तरी शेवटच्या पोटचारीत थेंब नसतो.

कृष्णेचं पाणी मात्र फार दूर नव्हतं. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यातलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं, आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. आपल्या वाट्याचं पाणी तोवर अडवलं आणि वापरात आणलं नाही तर ते हातचं जाईल, ही धास्ती होती. आणि अडवलेलं पाणी कुणाला? नदीकाठच्या उसाला, की शंभर किलोमीटरवरच्या दुष्काळी पट्ट्याला?

इथे गणपतराव एकटे नव्हते, आणि त्यांना एकट्याला श्रेय देणं त्यांनाही आवडलं नसतं. प्रतिसरकारातले स्वातंत्र्यसैनिक, वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी १९९३ पासून सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली. आटपाडीला दरवर्षी पाणी परिषद भरायची. हजारो शेतकरी यायचे. कुणाचं पाणी, किती पाणी, कोणत्या योजनेतून, कोणत्या गावाला, असा तिथला हिशेब असायचा. पाणी ही नदीकाठच्या गावांची मालमत्ता नाही, त्यावर दुष्काळी भागाचाही तेवढाच हक्क आहे, ही समन्यायी वाटपाची मागणी या परिषदांनी महाराष्ट्राच्या गळी उतरवली.

१९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांना गती मिळाली, मग निधीअभावी ती मंदावली, मग पुन्हा आंदोलनं झाली. कराडजवळ टेंभू गावापाशी कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने वर चढवायचं आणि खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत न्यायचं, असा हा पसारा आहे. वीजबिल थकलं की पंप बंद. पंप सुरू झाले तर वितरिकांची, म्हणजे गावांकडे पाणी नेणाऱ्या लहान कालव्यांची, कामं अपुरी. ती झाली तर पाण्याचं वाटप वादात. आमदाराला यातल्या प्रत्येक पायरीवर सभागृहात प्रश्न विचारावा लागतो, मंत्रालयात बैठक लावावी लागते आणि रस्त्यावर लोक घेऊन बसावं लागतं. गणपतरावांनी तिन्ही केलं, तेही ऐंशी उलटल्यावर.

आज माणच्या पात्रात टेंभूचं पाणी सोडलं जातं तेव्हा काठच्या विहिरींना पाझर फुटतो. तालुक्याची तहान संपलेली नाही. काही गावं अजून योजनेबाहेर आहेत आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पण पाणी येऊ शकतं हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

सांगोल्याचं डाळिंब त्यांच्यामुळे आलं का?

असं म्हणणं शेतकऱ्यांवर अन्याय होईल. कमी पाण्यात येणारं पीक म्हणून डाळिंब शेतकऱ्यांनी स्वतः निवडलं, ठिबक टाकलं, टँकरने बागा जगवल्या. त्याला जोर मिळाला तो १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेमुळे. खड्डे, रोपं, जोपासना यांना अनुदान मिळालं आणि माळरानावर डाळिंब, बोर उभं राहिलं. अशी योजना कागदावरून गावात आणायला, लाभार्थ्यांची प्रकरणं मार्गी लावायला लोकप्रतिनिधी जागा असावा लागतो. त्यांचा वाटा तेवढा, आणि तो लहान नाही. पुढे तेल्या रोगाने बागांचं फार नुकसान केलं आणि अनेकांनी झाडं काढून टाकली.

सूतगिरणीचं काय?

पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक नेत्यांचा पाया साखर कारखान्यात असतो. गणपतरावांनी सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. तालुका कापसाचा नाही, मग सूतगिरणी कशाला, असा प्रश्न पडू शकतो. शेती बेभरवशाची असलेल्या ठिकाणी महिन्याच्या महिन्याला पगार देणारी जागा हवी होती, हे त्याचं उत्तर. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या अनुदानावर उभ्या राहिल्या आणि कर्जात बुडाल्या. सांगोल्याची गिरणी चांगल्या कारभारासाठी ओळखली गेली. सहकारी संस्था नेत्याच्या घरची होऊ न देता चालवता येते, याचा हा पुरावा आहे.

ते मंत्री होते का?

दोनदा. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारमध्ये, आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारमध्ये. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं आणि २००२ साली शेकापने आघाडीचा पाठिंबा काढला. म्हणजे अर्ध्या शतकाहून मोठ्या कारकिर्दीत सत्ता वाट्याला आली ती जेमतेम चार-साडेचार वर्षं. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते.

मंत्रिपदाचा काळ त्यांच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम होता असं मला वाटत नाही. त्यांचा खरा कस विरोधी बाकावर लागला.

ते हरले तेव्हा काय झालं?

१९७२ ला इंदिरा गांधींच्या लाटेत राज्यभर विरोधकांची धूळधाण उडाली, त्यात सांगोलाही गेला. दोन वर्षांनी पोटनिवडणूक झाली आणि ते परत आले.

१९९५ चा पराभव वेगळा. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील अवघ्या १९२ मतांनी जिंकले. एखाद्या मोठ्या गावातल्या एका मतदान केंद्रावर याहून जास्त मतं पडतात. गणपतरावांचं वय तेव्हा अडुसष्ट होतं. राजकारण थांबवायला याहून सोयीची वेळ नव्हती. त्यांनी पाण्याची चळवळ सुरूच ठेवली, आणि १९९९ पासून सलग चार वेळा निवडून आले. पाणी परिषदेचा भर आणि हा पराभव एकाच दशकातले आहेत. आमदार नसताना माणूस काय करतो यावरून तो आमदार का झाला हे कळतं, आणि १९९५ ते ९९ ही वर्षं त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत.

शहाजीबापूंशी त्यांची लढत पुढेही अनेक निवडणुकांत होत राहिली. २०१४ मध्ये गणपतराव पंचवीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. तेव्हा त्यांनी अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण केली होती.

ते खरंच एसटीने प्रवास करायचे?

हो. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं. त्या आसनावर आमदार बसलेला पाहायची सवय बाकीच्या महाराष्ट्राला राहिली नव्हती, म्हणून त्याचं अप्रूप वाटायचं. सांगोला-पंढरपूर भागातल्या लोकांना ते वाटत नसे. आबा भेटायचे असतील तर स्टँडवर किंवा गाडीत भेटतात, हे ठरलेलं होतं.

यात एक व्यवहारही होता. गाडीत शेजारी बसलेला माणूस आमदाराला चार तास सोडत नाही. कुठल्या गावात टँकर आला नाही, कुठला तलाठी पैसे मागतो, चारा छावणीत पेंड मिळते की नाही, हे त्या प्रवासात समजतं. काचा बंद केलेल्या गाडीत ते समजत नाही.

त्यांच्यावर टीका होत नव्हती का?

व्हायची, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. इतकी वर्षं एकच आमदार असूनही तालुक्यात मोठे उद्योग का आले नाहीत, तरुणांना पुण्या-मुंबईकडे का जावं लागलं, हा प्रश्न विरोधकांनी दरवेळी विचारला. पाण्याला उशीर फार झाला, असंही लोक म्हणत. उशिराचा दोष सत्ताधाऱ्यांवर टाकता येतो, पण तीस वर्षं बाग जाळून बसलेल्या शेतकऱ्याला त्या उत्तराने समाधान मिळत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत मोठी उणीव वाटते ती पक्षाबाबतची. सांगोल्यात जे जमलं ते शेजारच्या तालुक्यांत रुजलं नाही. आटपाडी, मंगळवेढा, जत इथे पाण्याचे प्रश्न तेच, माणसं तीच, चळवळ एकत्र. तरी लाल बावट्याला तिथे आमदार मिळाला नाही. चळवळीतून नेतृत्वाची दुसरी फळी पक्षात यायला हवी होती, ती आली नाही. वारसाही शेवटी घरातूनच पुढे आला.

२०१९ मध्ये ते का लढले नाहीत?

वयामुळे. त्र्याण्णव पूर्ण झाली होती. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेकडून लढणारे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी जिंकले. हेच शहाजीबापू २०२२ मध्ये गुवाहाटीहून केलेल्या फोनमुळे घराघरांत पोचले.

त्यांचं निधन कधी झालं?

३० जुलै २०२१ रोजी सोलापूरमध्ये. पंचाण्णव पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते.

सांगोल्यात आज शेकापची स्थिती काय आहे?

२०२४ च्या निवडणुकीत गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. राज्यात पक्षाची ही एकच जागा आली. रायगडमधलेही गड ढासळले असताना सांगोल्याने बावटा राखला. आजोबांच्या पुण्याईवर एक निवडणूक जिंकता येते. दुसरी आणि तिसरी कशी जिंकायची हे तालुक्याच्या वितरिकांवर आणि विधानसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासातच ठरेल.

मला त्यांच्या कामाचा अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आठवणींचे लेख नंतर वाचा. आधी विधानसभेचं कार्यवृत्त उघडा. सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपून घेतात आणि ही कार्यवृत्तं विधानमंडळाच्या ग्रंथालयात असतात. १९९० नंतरचा कृष्णा खोऱ्यावरच्या चर्चेचा एखादा दिवस निवडा. गणपतरावांचं भाषण वाचा, मग मंत्र्याचं उत्तर वाचा, मग पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर काय झालं ते शोधा. एका योजनेचा असा माग काढायला आठवडा जाईल, पण आमदाराचं काम कसं चालतं हे त्यातून कळेल.

त्यानंतर शक्य झालं तर आटपाडी ते सांगोला असा माणच्या काठाने प्रवास करा आणि बंधाऱ्यांवर थांबून शेतकऱ्यांना विचारा की पाणी कोणत्या साली आलं, कोणत्या महिन्यात येतं आणि बंद पडलं की ते कुणाकडे जातात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. मग आपल्या स्वतःच्या तालुक्यात जाऊन तोच प्रश्न विचारा.